नव्या श्रमसंहिता आणि बांधकाम कंत्राटदार : एक चिकित्सक अभ्यास

सारांश :
केंद्र शासनाने २९ कामगार कायदे एकत्र करून तयार केलेल्या चार श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या. बांधकाम क्षेत्राशी निकटचा संबंध असलेले कंत्राटी कामगार अधिनियम १९७०, आंतरराज्य स्थलांतरित कामगार अधिनियम १९७९ आणि इमारत व इतर बांधकाम कामगार अधिनियम १९९६ हे तिन्ही कायदे या संहितांत विलीन झाले आहेत. प्रस्तुत लेखात या बदलाचा विचार कंत्राटदाराच्या स्थानावरून केला आहे. संहितांनी मोठ्या कंत्राटदाराचे काम सोपे केले व कामगारालाही काही नवे हक्क दिले. परंतु पोटकंत्राटांच्या साखळीतील शेवटचा दुवा मात्र त्यांनी मोकळाच ठेवला, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

कळीचे शब्द : श्रमसंहिता, कंत्राटदार, मुख्य नियोक्ता, उपकर, मजूर अड्डा.

१. प्रस्तावना

शेतीखालोखाल सर्वाधिक रोजगार देणाऱ्या क्षेत्रांत बांधकामाची गणना होते. तथापि या क्षेत्रातील रोजगाराचे स्वरूप कारखान्यातील रोजगारापेक्षा मूलतः भिन्न आहे. कारखाना एका जागी उभा असतो व कामगार त्याच्याकडे येतो. बांधकामात इमारत पुरी झाली की कामाची जागाच संपते. विकासक मुख्य कंत्राटदाराला काम देतो, मुख्य कंत्राटदार सेंट्रिंग, लोखंडकाम, वीटकाम, गिलावा, फरशी अशी कामे वेगवेगळ्या पोटकंत्राटदारांना वाटून देतो, पोटकंत्राटदार मुकादमाला गाठतो आणि मुकादम गावाकडून उचल देऊन माणसे आणतो किंवा सकाळी मजूर अड्ड्यावरून गोळा करतो. या साखळीत 'माझा मालक कोण?' या प्रश्नाचे बिगाऱ्याने दिलेले उत्तर व कायद्याने दिलेले उत्तर क्वचितच जुळते. नव्या संहितांचे मूल्यमापन करताना हीच कसोटी लावणे उचित ठरेल.

२. पूर्वपीठिका : १९९६ च्या कायद्याचा अनुभव

१९९६ च्या कायद्याचे नाव रोजगाराचे नियमन आणि सेवाशर्ती असे दोन्ही हेतू सांगणारे होते. त्याच्या जोडीला उपकर अधिनियम आला आणि बांधकाम खर्चाच्या एक टक्का रक्कम कल्याणनिधीसाठी वसूल होऊ लागली. प्रत्यक्षात नियमनाचा हेतू मागे पडला व निधी गोळा करणे एवढेच काम उरले. तेही पुरते झाले नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९ मार्च २०१८ रोजी दिलेल्या निकालात ३७,४०० कोटी रुपयांहून अधिक उपकर जमा झाला असताना कामगारांसाठी सुमारे ९,५०० कोटी रुपयेच खर्च झाल्याची गंभीर नोंद घेतली. २००६ मध्ये दाखल झालेली याचिका निकाली निघेपर्यंत बारा वर्षे लोटली होती, हेही लक्षात घ्यावे लागते.

महाराष्ट्रात या कायद्याखालील नियम २००७ मध्ये झाले, म्हणजे मूळ कायद्यानंतर तब्बल अकरा वर्षांनी. कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी व्हायची तर वय १८ ते ६० असावे आणि मागील बारा महिन्यांत ९० दिवस काम केल्याचा दाखला असावा, अशी अट आहे. वरकरणी ती साधी वाटते. परंतु दर आठवड्याला मुकादम बदलणाऱ्या मजुराला हा दाखला कोण देणार? दाखला देणे म्हणजे आपण त्याचे नियोक्ते आहोत हे लेखी कबूल करणे होय, आणि पोटकंत्राटदार नेमके तेच टाळतो. त्यामुळे काम करणारा नोंदणीबाहेर आणि कागद जमवू शकणारा नोंदणीत, असे विपरीत चित्र निर्माण झाले. २०२० च्या टाळेबंदीत राज्यातील मंडळाने नोंदीत कामगारांच्या खात्यावर २,००० रुपये जमा केले. ज्यांची नोंद नव्हती ते पायी गावाकडे निघाले. नोंदणी हा केवळ कारकुनी विषय नाही, याचा याहून ठळक पुरावा नको.

३. संहितांनी काय बदलले?

३.१ परवाना व नोंदणी : कंत्राटदाराला आता प्रत्येक कामासाठी स्वतंत्र परवाना काढत बसण्याची गरज नाही. पाच वर्षे मुदतीचा आणि एकाहून अधिक राज्यांत चालणारा परवाना मिळू शकतो. ठरलेली पात्रता नसणाऱ्याला विशिष्ट कामापुरता परवाना देण्याची सोयही आहे. अनेक नोंदवह्या व विवरणपत्रे यांचे ओझे कमी झाले. ही सुधारणा स्वागतार्ह आहे; कारण जुन्या व्यवस्थेत नोंदवह्या नीट ठेवण्याचा खर्च प्रामाणिक कंत्राटदाराला पडे व न ठेवणाऱ्याला तो सहज चुकवता येई.

३.२ वेतन : वेतन संहितेने किमान वेतनाचा हक्क अनुसूचित उद्योगांपुरता न ठेवता सर्व कर्मचाऱ्यांना दिला. मासिक वेतन पुढील महिन्याच्या सात तारखेच्या आत आणि कामावरून कमी केल्यास दोन कामकाजाच्या दिवसांत हिशेब पूर्ण करणे बंधनकारक झाले. वेतनाच्या व्याख्येतून वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक असतील, तर वरची रक्कम वेतनातच धरली जाते. पर्यवेक्षक, अभियंते व पगारी कर्मचारी यांच्या बाबतीत यामुळे कंत्राटदाराचा भविष्यनिर्वाह निधी व उपदान यांवरील खर्च वाढू शकतो. रोजंदारी मजुराला भत्तेच नसल्याने त्याच्या दृष्टीने हा बदल जवळजवळ निरर्थक आहे.

३.३ सुरक्षा व सुविधा : सुरक्षा समिती व सुरक्षा अधिकारी यांसाठीची मर्यादा बांधकामात ५०० कामगारांवरून २५० वर आली. पाळणाघराची अट पूर्वी पन्नासहून अधिक स्त्री-कामगार असल्यास लागू होई. आता ५० कर्मचारी हा निकष आहे. जोडप्याने काम करणाऱ्या बिगारी कुटुंबांच्या दृष्टीने हा महत्त्वाचा फरक होय. कामाच्या ठिकाणी वा जवळपास विनामूल्य तात्पुरता निवारा देण्याचे नियोक्त्याचे कर्तव्य कायम राहिले आहे. नियुक्तिपत्र देणे व ठरावीक वयोगटातील कामगारांची वार्षिक आरोग्यतपासणी करणे ही कर्तव्ये नव्याने आली.

३.४ स्थलांतरित कामगार : १९७९ चा कायदा कंत्राटदारामार्फत आणलेल्या मजुरालाच ओळखत असे. नव्या व्याख्येत स्वतःहून आलेला मजूरही येतो. मात्र कायदा लागू होण्याची मर्यादा पाच कामगारांवरून दहावर गेली आणि जुन्या कायद्यातील विस्थापन भत्ता वगळला गेला. एका हाताने व्याख्या रुंदावली व दुसऱ्या हाताने देणे कमी केले, असे येथे म्हणावे लागते.

४. चिकित्सा

४.१ पन्नासची मर्यादा : कंत्राटी कामगारांविषयीचे प्रकरण ५० वा अधिक कंत्राटी कामगार असणाऱ्या आस्थापनांना लागू होते. १९७० च्या कायद्यात ही संख्या २० होती. महाराष्ट्राने आपल्यापुरती ती आधीच ५० वर नेली होती. कारखान्याच्या बाबतीत या मर्यादेचा अर्थ एक, बांधकामात मात्र निराळा. तीनशे मजुरांच्या कामावर पंधरा-वीस माणसांचे पंधरा-सोळा पोटकंत्राटदार असू शकतात. अशा वेळी आस्थापना प्रकरणाखाली येते, पण एकेका पोटकंत्राटदाराला परवाना घ्यावा लागत नाही. परवाना नाही म्हणजे अनामत नाही. कलम ५५ नुसार कंत्राटदाराने वेतन बुडवल्यास शासन त्याच्या अनामतीतून ते देऊ शकते. परंतु जो पोटकंत्राटदार वेतन बुडवून निघून जाण्याची शक्यता सर्वाधिक, त्याचीच अनामत शासनाकडे नसते. वेतनाची जबाबदारी कायद्यात आहे, तिच्यामागे तारण तेवढे नाही.

४.२ मुख्य नियोक्ता कोण? : कंत्राटदाराने वेतन दिले नाही तर मुख्य नियोक्त्याने द्यावे व नंतर वसूल करावे, हे तत्त्व जुनेच आहे. कलम ५३ ने पिण्याचे पाणी, विश्रांतिगृह, प्रथमोपचार इत्यादी सुविधांचे दायित्व थेट मुख्य नियोक्त्यावर टाकले, ही खरी प्रगती होय. पण खाजगी गृहप्रकल्पात मुख्य नियोक्ता म्हणजे जमीन व भांडवल असणारा विकासक की कामावर प्रत्यक्ष देखरेख ठेवणारा मुख्य कंत्राटदार? संहितेची व्याख्या पर्यवेक्षण व नियंत्रण यांवर बोट ठेवते. विकासक करारनाम्यात सर्व नियंत्रण कंत्राटदाराकडे असल्याचे कलम घालतो आणि व्याख्येतून अंग काढून घेण्यास वाव मिळवतो. नफा जिकडे, जबाबदारी तिकडे, हे सूत्र येथे अधिक स्पष्ट शब्दांत यावयास हवे होते.

४.३ गाभ्याचे काम : कलम ५७ ने आस्थापनेच्या गाभ्याच्या कामात कंत्राटी कामगार लावण्यास मनाई केली आहे. वृत्तपत्रीय चर्चेत याचे मोठे स्वागत झाले. परंतु बांधकाम हे इतर आस्थापनांच्या बाबतीत गाभ्याबाहेरच्या कामांच्या यादीत आहे. आणि ज्या कंपनीचा व्यवसायच बांधकाम आहे तिच्या बाबतीतही, ते काम रूढीने कंत्राटदारामार्फतच होत असल्यास मनाईला अपवाद मिळतो. बांधकामात रूढी कोणती आहे, हे सांगावयास नको. म्हणजे मनाई या क्षेत्राच्या उंबरठ्यावरच थांबते. उलट, कंत्राटदाराने माणसे नियमित सेवेत घेऊन त्यांना वेतनवाढ व सामाजिक सुरक्षा दिली तर ती 'कंत्राटी कामगार' या व्याख्येतून वगळली जातात. ही तरतूद अधिक उपयुक्त ठरू शकेल, कारण तीत कंत्राटदाराचाही लाभ आहे.

४.४ उपकराचे स्वयंनिर्धारण : शासकीय कामांतील देयकांतून कपात आणि स्थानिक प्राधिकरणामार्फत आगाऊ वसुली या वाटा कायम आहेत. तथापि उपकराचे निर्धारण आता नियोक्त्याने स्वतः करावयाचे आहे. तसेच स्वतःच्या निवासासाठीच्या बांधकामाची सूट दहा लाखांवरून पन्नास लाख रुपयांपर्यंत वाढली. १९९६ नंतरची महागाई पाहता मर्यादा वाढणे समजण्याजोगे आहे. पण तालुक्याच्या गावांत बहुसंख्य घरे याच मर्यादेत बांधली जातात आणि त्या घरांवरचा गवंडी उपकराच्याच नव्हे, तर बांधकाम कामगार या व्याख्येच्याही बाहेर पडण्याचा धोका संभवतो.

४.५ कंत्राटदाराची बाजू : कामगार कायद्यांच्या चर्चेत लहान कंत्राटदाराचे म्हणणे क्वचितच ऐकले जाते. त्याने सात तारखेच्या आत वेतन द्यावे हे योग्यच. पण त्याचे स्वतःचे देयक कधी मिळावे, याविषयी संहिता मौन पाळतात. थकीत देयकांसाठी महाराष्ट्रातील शासकीय कंत्राटदारांना २०२५ मध्ये आंदोलने करावी लागली. जे शासन वेळेवर वेतनाचा कायदा करते तेच ऋणको म्हणून मुदत पाळत नसेल, तर त्या विलंबाचा भार सरकत सरकत अखेरीस मजुराच्या हजेरीवर येऊन पडतो. वेतनाची मुदत व देयकाची मुदत यांची सांगड घातल्याशिवाय पहिली पाळली जाणे अवघड आहे.

४.६ तपासणी व शिक्षा : निरीक्षक आता 'निरीक्षक-नि-सुलभक' झाला असून तपासणीची निवड संगणकाधारे यादृच्छिक पद्धतीने व्हावयाची आहे. पूर्वीच्या तपासणीत गैरव्यवहार होते, ही उद्योजकांची तक्रार निराधार नव्हती. परंतु बांधकामातील धोका दिवसागणिक बदलतो. आजची भक्कम परांची उद्याच्या पावसात धोकादायक होते. २९ जून २०१९ च्या पहाटे पुण्यातील कोंढवा भागात गृहसंकुलाची संरक्षक भिंत लगतच्या मजूर-झोपड्यांवर कोसळून १५ जणांचा मृत्यू झाला; त्यांत लहान मुलेही होती. निवाऱ्याची तरतूद त्या वेळीही कायद्यात होती, निवारा कोठे उभारला आहे हे पाहणारा डोळा नव्हता. नव्या संहितेत कर्तव्यात कसूर होऊन मृत्यू झाल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा किमान पाच लाख रुपये दंड, वा दोन्ही अशी शिक्षा आहे आणि दंडातील किमान निम्मी रक्कम वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. ही तरतूद मानवी आहे. मात्र ती मृत्यूनंतरची आहे.

५. माथाडी कायद्याचा धडा

महाराष्ट्राजवळ या प्रश्नाचे एक स्वतःचे उत्तर १९६९ पासून आहे. माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायद्याने मालक व कामगार यांच्यामध्ये मंडळ उभे केले. मालक मजुरी व लेव्ही मंडळात भरतो आणि मंडळ कामगाराला वेतन, निधी व रजेचा मोबदला देते. तेथे कामगाराचा मालक बदलला तरी त्याची नोंद बदलत नाही. बोगस टोळ्या व खंडणीच्या तक्रारींनी या व्यवस्थेलाही ग्रासले आहे, हे नाकारता येणार नाही. तरीही तिचे मूळ तत्त्व, म्हणजे अस्थिर रोजगारात स्थिर नोंद, बांधकामाला अधिक लागू पडते. बांधकाम मंडळाने उपकर घेतला, पण रोजगाराशी नाते जोडले नाही. म्हणून ते भांडी व साहित्यसंच वाटणारे कार्यालय एवढ्याच ओळखीने गावोगाव परिचित झाले.

६. निष्कर्ष

१) संहितांमुळे परवाना, विवरणपत्रे व नोंदवह्या यांबाबत मध्यम व मोठ्या कंत्राटदारांना दिलासा मिळतो.
२) सुरक्षा अधिकारी, पाळणाघर व सुविधांचे दायित्व यांबाबतीत कामगारांच्या हिताची प्रगती दिसते.
३) पन्नासच्या मर्यादेमुळे पोटकंत्राटदार अनामतीविना राहतो. राज्याने नियम करताना मुख्य कंत्राटदाराकडे पोटकंत्राटदारनिहाय हजेरी व वेतनपट ठेवणे सक्तीचे करावे.
४) ९० दिवसांच्या दाखल्याचा भार मजुरावर न ठेवता, बांधकाम परवानगी व उपकर भरणा यांच्याशी कामावरील मजुरांची यादी जोडावी. उपकर येतो त्याच कामावरचे मजूर नोंदीत यावेत.
५) शासकीय कामांत देयक देण्याची कालमर्यादा व विलंबावरील व्याज यांची अंमलबजावणी वेतनाच्या मुदतीइतकीच काटेकोर असावी.

संहिता अमलात आल्या त्या वेळी संक्रमणकाळात जुन्या नियमांचे आवश्यक ते भाग चालू राहतील, असे शासनाने जाहीर केले. १९९६ च्या कायद्याला महाराष्ट्रात नियम मिळण्यास अकरा वर्षे लागली, हा अनुभव ताजा आहे. कायद्याचे कलम दिल्लीत लिहिले जाते. त्याचा अर्थ मात्र शनिवारी संध्याकाळी, मुकादम हजेरीची वही उघडून खाडे वजा करू लागतो तेव्हा ठरतो. त्या वहीपर्यंत नियमांची नजर पोहोचते की नाही, यावरच नव्या संहितांचे यशापयश अवलंबून राहील.