वाणाचे कर्तेपण कोणाचे? : मायकेल पोलन यांच्या गांजाविषयक प्रकरणाची चिकित्सा

प्रास्ताविक :
अमेरिकी लेखक मायकेल पोलन यांचा 'द बॉटनी ऑफ डिझायर' हा ग्रंथ २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. सफरचंद, ट्यूलिप, गांजा व बटाटा या चार वनस्पतींच्या आधारे मानव आणि वनस्पती यांच्या परस्परसंबंधाची मांडणी त्यात केलेली आहे. प्रस्तुत लेखात गांजाच्या संकरित वाणांविषयीच्या मांडणीचे सामर्थ्य व मर्यादा तपासल्या आहेत.

विवेचन :
बंदीमुळे ही वनस्पती नष्ट झाली नाही, उलट तिचे स्वरूप पालटले, हे पोलन यांचे मुख्य प्रतिपादन होय. उष्ण प्रदेशातील उंच, उशिरा फुलणारे वाण आणि अफगाणिस्तानातील बुटके, थंडी सोसणारे, लवकर फुलणारे वाण यांचा अमेरिकेत संकर झाला. लागवड घरात, कृत्रिम प्रकाशाखाली आली आणि नेदरलँड्समध्ये अशा बियाण्याचा व्यापार वाढला. कायदा हाही निवडीचा एक घटक ठरतो, हे दाखवून देण्यात या प्रकरणाचे खरे मोल आहे.

तथापि, या कथनात संकर करणारा उत्पादक कर्ता ठरतो, तर मूळ वाण पिढ्यान्‌पिढ्या घडविणारा शेतकरी केवळ बियाण्याचा उगम म्हणून येतो. वस्तुतः या पिकाविषयीचे सूक्ष्म ज्ञान आशियात जुनेच आहे. भारतीय भांग-गांजा आयोगाच्या (१८९३-९४) अहवालात बंगालमधील नौगाव परिसरातील 'पोद्दार' या जाणकारांचे वर्णन आढळते. नर झाडे ओळखून उपटणे हे त्यांचे काम होते. त्यामुळे परागीभवन टळून मादी फुलोऱ्यात बी धरत नसे. पुढे अमेरिकेत 'सिन्सेमिया' या नावाने गाजलेले तंत्र तत्त्वतः हेच होय.

नामकरणाचा प्रश्नही असाच आहे. लामार्क यांनी १७८५ मध्ये 'इंडिका' हे नाव भारतातील वनस्पतीवरून दिले. व्यापारात मात्र ते अफगाण रुंदपर्णी वाणांना चिकटले. पोलन हा प्रचलित भेद स्वीकारतात. कॅनडातील संशोधकांच्या २०१५ च्या जनुकीय अभ्यासात मात्र अशी लेबले आणि वाणांचा वंश यांचा मेळ फारसा बसत नसल्याचे दिसून आले.

ग्रंथानंतरच्या काळात या प्रश्नाला नवे परिमाण लाभले. मोरोक्कोच्या रीफ पर्वतात 'खर्दाला'सारख्या संकरित वाणांनी 'बेल्दिया' या स्थानिक वाणाला मोठ्या प्रमाणावर मागे सारले. राळेचे उत्पन्न वाढले, परंतु पाण्याची गरजही वाढली. शिवाय या वनस्पतीचे परागीभवन वाऱ्याने होत असल्याने शेजारच्या शेतातील स्थानिक वाण शुद्ध राखणे कठीण असते. ज्या प्रदेशांनी संकराला मूळ बीज पुरविले, तेथील वाणच अशा रीतीने धोक्यात येतात.

निष्कर्ष :
बंदी आणि संकर यांचा संबंध पोलन यांनी समर्थपणे उलगडला आहे. परंतु स्थानिक वाण ही निसर्गाची आयती देणगी नसून अनामिक शेतकऱ्यांच्या निवडीचे फलित आहे, याची पुरेशी दखल त्यांच्या मांडणीत नाही. ही उणीव केवळ वाङ्‌मयीन नाही. ज्यांचे कर्तेपण इतिहासात नोंदले जात नाही, त्यांचा वाणावरील हक्कही पुढे मान्य होणे दुरापास्त ठरते.