महमूद गावान मदरसा आणि पुनर्वापराचा प्रश्न

जुन्या विद्यापीठांच्या इमारतींचे नूतनीकरण करून त्यांत आधुनिक वर्गखोल्या व सभागृहे सुरू करण्याचा प्रघात आता सर्वत्र रूढ झाला आहे. आपल्या भागात हा विषय निघाला की पहिले नाव येते ते बीदरच्या महमूद गावान मदरशाचे. येथे पुन्हा वर्ग भरावेत, ही कल्पना कोणाही शिक्षणप्रेमी माणसाला भावेल. ती कितपत योग्य आहे, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात करावयाची आहे.

बहमनी राज्याचे वजीर ख्वाजा महमूद गावान यांनी १४७२ मध्ये हा मदरसा उभारला. सुमारे २०५ फूट लांब, १८० फूट रुंद व तीन मजली अशी ही वास्तू. मशीद, कुतुबखाना, व्याख्यानाची दालने, अध्यापकांची निवासस्थाने आणि विद्यार्थ्यांचे हुजरे एकाच अंगणाभोवती गुंफलेले होते. इराणातील खरगिर्द येथील मदरशाशी तिचे साम्य अभ्यासकांनी दाखविले आहे. हुजरा एकांतात वाचनासाठी, दालन श्रवणासाठी आणि अंगण भेटीगाठी व चर्चेसाठी, अशी येथील विभागणी दिसते. आजच्या आपल्या महाविद्यालयांत वर्गखोल्या पुष्कळ असतात. परंतु तास संपल्यावर विद्यार्थ्याने कोठे बसावे, याचे उत्तर बहुधा नकाशात नसते.

पुनर्वापराच्या समर्थकांनी या वास्तूचा पुढील इतिहासही ध्यानात घ्यावा. मोगल काळात तिचा उपयोग सैनिकांच्या वास्तव्यासाठी व दारूगोळा साठविण्यासाठी झाला. १६९६ मध्ये दारूचा स्फोट होऊन दर्शनी भागाचा निम्म्याहून अधिक हिस्सा, एक मिनार व दक्षिणेकडील बाजू उद्ध्वस्त झाली. म्हणजे या मदरशाची सर्वांत मोठी हानी त्याच्या 'नव्या उपयोगा'तूनच झाली. वर्गखोली म्हणजे दारूचे कोठार नव्हे, हे खरे. तथापि विजेच्या तारा, पाण्याचे नळ, स्वच्छतागृहे आणि पडलेल्या भागावर नवे छप्पर ही कामे जुनी चुन्याची भिंत फोडल्याशिवाय होत नाहीत.

येथे दोन उदाहरणे उपयुक्त ठरतील. हैदराबादच्या कोठी भागातील रेसिडेन्सी ही एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीची इमारत. १९४९ पासून तिच्या आवारात महिला महाविद्यालय नांदले. वास्तू जीर्ण झाली होती, पण तिची मूळ घडण टिकून होती. म्हणून जीर्णोद्धार शक्य झाला. याउलट समरकंदच्या रेगिस्तान चौकातील उलुग बेग मदरसा (१४१७-२०) पाहावा. विसाव्या शतकातील दुरुस्तीने त्याला झळाळी आली. परंतु त्याच्या हुजऱ्यांत आज पर्यटकांसाठी दुकाने आहेत. भिंती उभ्या राहिल्या, पण तालीम परत आली नाही. बीदरला नव्या फरशांनी मढविले तर उरलेल्या मिनारावरील मूळ रंगीत कामाची साक्षही पुसट होईल.

मग मदरसा केवळ तिकीट काढून पाहण्याची वस्तू राहावा काय? तसे मुळीच नाही. ही संरक्षित वास्तू असल्याने तेथे महाविद्यालय थाटता येणार नाही. मात्र १९५९ च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या लेखी परवानगीने सभा वा परिषद घेण्याची तरतूद आहे. अंगणातील व्याख्यानाला ना छप्पर लागते, ना तारा. महमूद गावान यांचा 'रियाज-उल-इन्शा' हा पत्रसंग्रह फारसी गद्याचा नमुना मानला जातो. त्यात मौलाना जामी यांना लिहिलेली पत्रे आहेत. पत्रलेखनाच्या या उस्तादाला १४८१ मध्ये एका बनावट पत्राच्या आधारे देहदंड झाला. उर्दू, मराठी, कन्नड व इतिहास या चारही विषयांच्या अध्यापकांना एकत्र आणणारा याहून चांगला पाठ कोणता?

आमच्या नौबादचे कारेज याच दृष्टीने बोलके आहे. जांभ्या दगडातून खोदलेला हा भूमिगत जलमार्ग दीर्घकाळ दुर्लक्षित होता. २०१५ च्या सुमारास तो साफ करण्याचे काम झाले. त्यावर नवे बांधकाम करावे लागले नाही. गाळ काढणे आणि त्याचे कार्य समजून घेणे, एवढेच पुरेसे होते.

सारांश, घडण शाबूत असेल तेथे पुनर्वापर इष्ट आहे. जेथे भग्नावशेष हाच पुरावा आहे, तेथे तो वर्ज्य मानावा. मदरशाच्या भिंतींचे नूतनीकरण न करता त्याच्या आराखड्यातील विचाराचे नूतनीकरण आपल्या संस्थांनी करावे. बीदर-कलबुर्गी परिसरात यापुढे जे महाविद्यालय बांधले जाईल, त्याचा नकाशा मंजूर करण्यापूर्वी अध्यापकांनी एवढेच विचारावे : यात अंगण कोठे आहे?