मागितली मुदत, मिळाली माफी

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातली निष्ठुर चाकराची गोष्ट नागापूरला वाचावी. नगर-मनमाड रस्त्यावरच्या या एमआयडीसीत रोजावर जाणाऱ्या माणसाला तिच्यातला हिशेब कुणी समजावून सांगावा लागत नाही. दिनार म्हणजे एक हजेरी. एका चाकराचे दुसऱ्याकडे शंभर दिनार येणे आहेत, म्हणजे तीन-चार महिन्यांची मजुरी. ठेकेदाराकडून घेतलेली उचल असते, तेवढीच. पण पहिला चाकर स्वतः राजाचे दहा हजार तालांत देणे लागतो. एका तालांताचे सहा हजार दिनार धरले, तर सहा कोटी हजेऱ्या होतात. वर्षाला ३०० भरल्या तरी दोन लाख वर्षे! येशू इथे चक्क अतिशयोक्ती करतो आहे, आणि ऐकणाऱ्यांना आधी हसू आले असेल असे मला वाटते.

तो चाकर पाया पडून काय मागतो? माफी नव्हे, मुदत. थोडे थांबा, सगळे फेडतो, म्हणतो. दोन लाख वर्षांचे कर्ज आणि वर ऐट फेडण्याची! राजा त्या वायद्याकडे बघतही नाही. कर्जच सोडून देतो. गोष्टीचा खरा रस इथे आहे. राजाच्या कळवळ्यासाठी मूळ ग्रीकमध्ये जे क्रियापद आहे, ते आतड्यांवरून आलेले आहे. मराठीला ते परके नाही. आपलेही आतडे तुटते, आणि अपराध आपण पोटात घालतो. नगरला राहिलेल्या रेव्हरंड टिळकांनी ख्रिस्ताला माउली म्हटले, ते याच पोटाच्या ओळखीने. ‘माफ’ हा शब्दही आपण अपराधाला लावतो तसा कर्जाला लावतो. ‘कर्जमाफी’ कुणाला सांगायला नको.

या जिल्ह्याला कर्जाची दुसरी गोष्टही ठाऊक आहे. १८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांतून कर्जरोखे ओढून काढून जाळले. तिथे रोखा ऋणकोने हिसकावला. इथे धनको आपणहून सोडतो. राजाची एवढी दया पाहिलेला पहिला चाकर बाहेर पडतो आणि शंभर दिनारवाल्याचा गळा धरतो.

पुढचे बारकाईने वाचा. दुसरा चाकरही पाया पडतो, तीच विनवणी करतो. मात्र आज प्रमाण मानल्या जाणाऱ्या ग्रीक पाठात त्याच्या तोंडी ‘सगळे’ हा शब्द नाही. तो नुसते ‘फेडतो’ म्हणतो. त्याला बढाईची गरजच नव्हती. शंभर हजेऱ्या खाडे न करता खरोखर भरता येतात. फेडू न शकणारा सुटला आणि फेडू शकणारा तुरुंगात गेला.

शेवट मात्र मला अजून टोचतो. शिष्य पेत्राने येशूला विचारले होते, भावाला सात वेळा क्षमा करू का? उत्तर आले, सत्तर वेळा सात. आणि लगेच सांगितलेल्या या गोष्टीतला राजा दुसऱ्याच खेपेला चाकराला छळणाऱ्यांच्या हाती देतो! पुष्कळ प्रवचनांत हे वाक्य हळूच गिळले जाते. ते गिळू नये. राजा रागावतो तो कर्ज बुडाले म्हणून नव्हे, दया याच्यापाशीच अडली म्हणून. आपल्या शेतात आलेले पाटाचे पाणी पुढच्याच्या वाफ्यात जाऊ दिले नाही, तर गावही माणसाला सोडत नाही. तरीही हा शेवट कडूच राहतो, आणि माझ्या मते येशूला तो कडूच हवा होता.

एक गोष्ट मात्र मत्तय लिहीत नाही. सोबती चाकरांनी जाऊन राजाला सांगितले, निष्ठुराला शिक्षा झाली; पण शंभर दिनारवाला तुरुंगातून सुटला की नाही, याबद्दल अध्यायात एक शब्द नाही.