व्हिडिओ गेममधील जावा : चित्र आणि नियम

व्हिडिओ गेममध्ये संस्कृतीचे दर्शन दोन ठिकाणी घडते : एक चित्रात, दुसरे खेळाच्या नियमात. चित्र खेळणारा केवळ पाहतो. नियम मात्र त्यास पाळावा लागतो. जावाच्या पारंपरिक संस्कृतीचे चित्रण तपासताना मंदिराचे शिखर व वस्त्रावरील बातिक नक्षी यथातथ्य आहेत की नाहीत, एवढेच पाहून थांबण्याचा मोह होतो. खरी कसोटी नियमांत आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

‘सिव्हिलायझेशन फाइव्ह’ या खेळाच्या २०१३ सालच्या ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ या पुरवणीत गजह मद हा ‘इंडोनेशिया’चा नेता आहे. मजपहित राज्याच्या या प्रधानाचा मृत्यू १३६४ मधील. ‘इंडोनेशिया’ हे नाव एकोणिसाव्या शतकात घडविलेले. हा कालविपर्यास उघड आहे. पण तो एकट्या खेळकर्त्यांचा नव्हे. योग्यकर्ता येथे १९४९ साली स्थापन झालेल्या विद्यापीठासही गजह मदाचेच नाव आहे. आधुनिक राष्ट्रानेच त्यास आपला पूर्वज मानले आहे.

याच खेळात केरिसधारी योद्ध्याचा नियम मात्र मार्मिक आहे. त्याच्या शस्त्राचा गुण पहिल्या लढाईपर्यंत अज्ञात राहतो. तो शुभ निघेल किंवा धन्यालाच बाधेल. प्रत्येक केरिसला स्वतःची प्रकृती असते व ती धारकास मानवतेच असे नाही, या जावानी श्रद्धेचा आशय येथे वर्णनावाचून खेळणाऱ्याच्या अनुभवास येतो. ‘चंडी’ या वास्तूचा नियमही असाच : नगरात जितके धर्म नांदतील, तितकी श्रद्धेची प्राप्ती अधिक. मजपहितकालीन शैव-बौद्ध सहजीवनाचे हे स्थूल, पण अर्थपूर्ण रूप होय.

याउलट ‘एज ऑफ एम्पायर्स टू’च्या ‘राइज ऑफ द राजाज’ (२०१६) या पुरवणीत गजह मदाची मोहीम ‘मलाय’ या नावाखाली येते. जावानी व मलाय या एकाच ऑस्ट्रोनेशियन कुळातील, परंतु भिन्न भाषा. त्यांच्या भाषकांस एका नावात कोंबणे भाषाभ्यासकास खटकणारच. तेथील करम्बितधारी योद्ध्याचे वैशिष्ट्य म्हणजे तो लोकसंख्येत अर्धाच मोजला जातो. शस्त्रामागील भाव लोपून गणित तेवढे उरते.

तथापि दोन्ही खेळांत एक मोठी उणीव समान आहे. जावानी समाजाची वीण भाषेच्या स्तरांत दिसते. ‘घर’ या अर्थी ङोको स्तरावर ‘ओमाह’, क्रमा स्तरावर ‘ग्रिया’ आणि अत्यादरार्थी ‘दालेम’. यांपैकी ‘ग्रिया’चे मूळ संस्कृत ‘गृह’. मराठीत ‘तू’, ‘तुम्ही’, ‘आपण’ यांचा भेद मुख्यतः सर्वनाम व क्रियापद यांत राहतो. जावानीत तो नित्याच्या शब्दसंग्रहात पसरतो. कोणाशी कोणत्या स्तरावर बोलावे, हा तेथे प्रत्येक वाक्यागणिक घ्यावयाचा निर्णय आहे. व्हिडिओ गेम हा तर निर्णयांचाच कलाप्रकार. असे असता गजह मदाशी वाटाघाट करताना खेळणाऱ्यास संबोधनाचा स्तर निवडावा लागत नाही.

तरुण पिढीचे क्रमावरील प्रभुत्व ओसरत असल्याचे अभ्यासकांनी नोंदविले आहे. केरिसची प्रकृती नियमात उतरू शकते, तर चुकलेल्या संबोधनाने बंद होणारे दारही उतरू शकेल. तसे होईपर्यंत या खेळांतील जावा डोळ्यांना दिसेल, कानांवर मात्र पडणार नाही.