घनतेचा आकडा आणि मधुमेहींची हाडे

आरोग्यविषयक लेखांतून, आणि कधी कधी आमच्याही व्याख्यानांतून, एक सोपे समीकरण सांगितले जाते: जाड माणसाची हाडे मजबूत, कारण ती रोज जास्त ओझे वाहतात. हे अगदीच खोटे नाही. वजनाच्या ताणाने हाड घट्ट होते. शिवाय मेदात तयार होणारे इस्ट्रोजेन हाडाची झीज कमी करते. पण टाइप 2 मधुमेहात हे समीकरण फसते.

या रुग्णांची अस्थिघनता बहुधा सर्वसाधारण किंवा थोडी जास्तच असते. तरीही खुब्याचे हाड मोडण्याचा धोका त्यांना इतरांपेक्षा अधिक असतो. असे का? डेक्सा यंत्र हाडातील खनिज मोजते. हाड मात्र नुसते खनिज नव्हे. कोंबडीचे हाड काही दिवस व्हिनेगरमध्ये ठेवले की खनिज विरघळते आणि हाड रबरासारखे वाकते. तेच हाड जाळले की कोलॅजेन हे प्रथिन जळून जाते आणि उरलेले खनिज बोटांनी चुरडता येते. रक्तातील जादा साखर याच कोलॅजेनच्या धाग्यांना नको तेथे जखडते. धागे ताठर होतात, धक्का सोसत नाहीत. यंत्राला हे दिसत नाही. त्यातच मधुमेहाने पायांच्या नसा आणि दृष्टी अधू झाली, की पडण्याचा संभव वाढतो.

मेदाचीही दुसरी बाजू आहे. मज्जेतील एकाच प्रकारच्या मूळपेशींपासून हाड बांधणाऱ्या पेशीही होतात आणि मेदपेशीही. रोसिग्लिटाझोन हे मधुमेहावरचे औषध त्यांना मेदाकडे झुकवते. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘अ‍ॅडॉप्ट’ चाचणीत ते घेणाऱ्या स्त्रियांत अस्थिभंग अधिक आढळले.

वजनाचा आकडाही असाच अपुरा. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच मापे दिली. दोघांचा बॉडी मास इंडेक्स 22.3, शरीरातील मेद मात्र युडकिन यांचा 9.1 टक्के, तर याज्ञिकांचा 21.2 टक्के!

आमचा आक्षेप मोजण्याला नाही, एका आकड्यावर निकाल देण्याला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 1994 मध्ये अस्थिठिसूळतेसाठी उणे 2.5 ही टी-स्कोअरची रेषा ठरवली, ती गोऱ्या, रजोनिवृत्त स्त्रियांच्या मापांवरून. 2008 मध्ये आलेल्या ‘फ्रॅक्स’ या धोकामापकाच्या मूळ प्रश्नावलीत टाइप 2 मधुमेहाला स्थानच नव्हते. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनच्या 2024 च्या सूचनांत मात्र वयस्क मधुमेहींसाठी उणे 2.0 पासूनच औषधोपचाराचा विचार करावा, असे म्हटले आहे. दरम्यानच्या काळात ‘रिपोर्ट नॉर्मल’ ऐकून निश्चिंत झालेल्या आजीचे काय?

शिक्षकमित्रांनो, व्हिनेगरचा प्रयोग वर्गात कराल तेव्हा मुलांना एक प्रश्न जरूर विचारा: ‘हे यंत्र नेमके काय मोजते, आणि काय मोजत नाही?’ आम्हा संशोधकांनाही तो विसरून चालणार नाही.