अरबी समुद्र सदाशिवगडापाशी संपतो काय? समुद्रसीमांच्या एका पुस्तकाची चिकित्सा

कोचीला ‘अरबी समुद्राची राणी’ म्हणतात. पण जगातील समुद्रांच्या सीमांसाठी ज्या पुस्तकाचा आधार आंतरराष्ट्रीय पातळीवर घेतला जातो, त्याच्या हिशेबाने कोची अरबी समुद्रावर नाहीच. मंगळूर नाही, भटकळही नाही. गोव्याची हद्द ओलांडून काळी नदीच्या मुखाशी आले की कारवारच्या समोर सदाशिवगड लागतो. सोंदेकर राजांनी अठराव्या शतकाच्या आरंभी बांधलेला हा गड. या पुस्तकाप्रमाणे अरबी समुद्राचा भारतीय किनारा तेथे संपतो आणि पुढे लागतो तो लक्षद्वीप समुद्र.

ही रेघ तेथे कोणी आणि कशासाठी मारली, हा या लेखाचा विषय आहे. पुस्तकाचे नाव ‘लिमिट्स ऑफ ओशन्स अँड सीज’. मोनॅको येथे १९२१ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालयाने ते काढले. (हीच संस्था पुढे आंतरराष्ट्रीय जलसर्वेक्षण संघटना झाली.) पहिली आवृत्ती १९२८ची, दुसरी १९३७ची आणि तिसरी १९५३ची. चौथी आवृत्ती आजपर्यंत मंजूर झालेली नाही. म्हणजे ज्या पुस्तकात श्रीलंका अजून ‘सिलोन’ आहे, तेच सत्तर वर्षांनंतरही समुद्रांच्या हद्दींचे प्रमाण मानले जाते.

पुस्तकाची रीत

पुस्तक जेमतेम चाळीस पानांचे. त्याची रीत सरळ आहे. समुद्राचे नाव द्यायचे आणि मग उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम अशा त्याच्या हद्दी शब्दांत सांगायच्या: अमुक भूशिरापासून तमुक बेटापर्यंतची रेघ, तेथून अमुक रेखावृत्त. जमिनीच्या खरेदीखतात चतुःसीमा लिहितात, त्याच धाटणीचे हे लेखन आहे.

अरबी समुद्राची चतुःसीमा अशी: पश्चिमेला एडनच्या आखाताची पूर्व हद्द. उत्तरेला अरबस्तानातील रास अल हद्दपासून पाकिस्तानच्या किनाऱ्यावरील जिवानीच्या भूशिरापर्यंतची रेघ. दक्षिणेला मालदीवच्या अड्डू बेटसमूहाच्या दक्षिण टोकापासून आफ्रिकेतील रास हाफूनपर्यंतची रेघ. पूर्वेला लक्षद्वीप समुद्राची पश्चिम हद्द. ही शेवटची हद्द सदाशिवगडाच्या दिव्यापासून निघते, नैर्ऋत्येला कोरा दिव्हपर्यंत जाते आणि तेथून लक्षद्वीप-मालदीवच्या पश्चिम अंगाने खाली उतरते. कोरा दिव्ह म्हणजे पाण्याखाली बुडालेला उथळ भाग. रेघेचे एक टोक डोंगरी गडावर आणि दुसरे डोळ्यांना न दिसणाऱ्या खडकावर!

अशा रेघेला हसणे सोपे आहे, पण पुस्तकावर अन्याय होऊ नये. या सीमांना राजकीय अर्थ नाही, त्या केवळ देशोदेशींच्या जलसर्वेक्षण कार्यालयांच्या सोयीसाठी आहेत, असे पुस्तकाने स्वतःच सांगून ठेवले आहे. दर्यावर्दींसाठी सूचना काढायची तर ती कोणत्या समुद्राच्या शीर्षकाखाली घालायची, एवढाच प्रश्न. त्या कामाला दीपगृह आणि खडक या खुणा उत्तम, कारण नकाशावर त्या नेमक्या सापडतात. पुस्तकाचा हा प्रामाणिकपणा त्याचा मोठा गुण आहे. दोष सुरू होतो तो ही कामचलाऊ रेघ विश्वकोशांत, नकाशांत आणि स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शकांत भूगोलाचे सत्य म्हणून उतरते तेथे.

पाणी काय सांगते?

रेघ खरी की खोटी हे पाण्याला विचारावे. भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगतचा प्रवाह पावसाळ्यात दक्षिणेकडे वाहतो आणि हिवाळ्यात उलटून उत्तरेकडे. दोन्ही वेळा तो सदाशिवगडासमोरून न थांबता जातो. बांगडा आणि तारली मालवणातही जाळ्यात येतात आणि मंगळुरातही.

तरीही ‘लक्षद्वीप समुद्र’ ही निव्वळ कल्पना नाही. हिवाळ्यात बंगालच्या उपसागरातील कमी खारे पाणी श्रीलंकेला वळसा घालून या भागात येते. त्याच काळात लक्षद्वीपाभोवती समुद्राची पातळी आसपासच्या मानाने थोडी उंचावते. वर हलक्या पाण्याचा पातळ थर असल्यामुळे तो लवकर तापतो आणि मान्सूनच्या आधी येथील पाणी ३० अंश सेल्सिअसच्या आसपास पोचते. म्हणजे या पाण्याला स्वतःचा स्वभाव आहे. पातळीच्या या चढउतारावर गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील शंकर आणि शेट्ये यांचा १९९७चा शोधनिबंध प्रसिद्ध आहे. त्याच्या शीर्षकात ‘लक्षद्वीप’ हे नाव येते, पण जागा सांगितली आहे ती ‘आग्नेय अरबी समुद्र’. वैज्ञानिकांनी वेगळेपण मान्य केले, मात्र त्यासाठी अरबी समुद्र गडापाशी तोडला नाही. तो वेगळेपणा ऋतूनुसार उमटतो आणि विरतो. पुस्तकाची रेघ मात्र बाराही महिने तेथेच.

पाण्यावरून समुद्र ओळखण्याची रीत जुनी आहे. नवव्या शतकातील अरब लेखक याकूबी चीनच्या वाटेवरील सात समुद्र सांगतो आणि प्रत्येकाचा रंग, वारा, मासे निराळे असल्याचे नोंदवतो. (आपल्या पुराणांतले लवण, इक्षुरस, दधि, क्षीर इत्यादी सात समुद्र वेगळे, ते द्वीपांना वेढणारी वलये आहेत.) इ.स. ९१६च्या सुमारास चौलला आलेला मसूदी चौल, सोपारा आणि ठाणे ही बंदरे ‘लारवी’ समुद्रावर असल्याचे लिहितो. या लेखकांसाठी समुद्र हा प्रवासाचा टप्पा होता. एक कधी संपला आणि दुसरा कधी लागला, हे पाणी आणि वारा पाहून कळत असे.

आधुनिक पुस्तकाला हे जमत नाही, याचा पुरावा सारगासो समुद्र. उत्तर अटलांटिकमधील या समुद्राला किनाराच नाही. चार बाजूंनी फिरणारे चार महाप्रवाह हीच त्याची हद्द, आणि तीही सरकती. यूरोप-अमेरिकेच्या नद्यांतील वाम मासे अंडी घालण्यासाठी तेथवर जातात. १९५३च्या यादीत त्याला जागा नाही. भूशिरांना बांधता न येणारा समुद्र या रीतीच्या हाती लागत नाही.

दक्षिण महासागराची कथा याहून बोलकी आहे. पहिल्या आवृत्तीत तो होता. दुसऱ्या आवृत्तीत त्याची उत्तर सीमा दक्षिणेकडे सरकवली. तिसऱ्या आवृत्तीत तो गाळलाच आणि अटलांटिक, हिंदी व पॅसिफिक महासागर थेट अंटार्क्टिकापर्यंत ओढले. पुढे २००० साली सभासद देशांचा कौल घेऊन ६० अंश दक्षिण ही सीमा मसुद्यात धरली गेली, पण तो मसुदा अडकला. अंटार्क्टिकाला प्रदक्षिणा घालणारा प्रवाह या सगळ्या काळात होता तसाच वाहत होता. महासागर आला-गेला तो कागदावर.

नावाऐवजी आकडा

मसुदा अडकला तो जपान आणि कोरिया यांच्यामधल्या समुद्राच्या नावावरून. १९२८ साली पुस्तकाने ‘जपानचा समुद्र’ हे नाव छापले तेव्हा कोरिया जपानच्या अमलाखाली होता, त्याच्या वतीने बोलणारे कोणी तेथे नव्हते. दोन्ही कोरिया १९९१ साली संयुक्त राष्ट्रांत आले आणि १९९२पासून ‘पूर्व समुद्र’ या नावाचा प्रश्न तेथे मांडला गेला. २००२ साली नव्या आवृत्तीच्या मसुद्यावरील मतदान मध्येच थांबवावे लागले. जपानच्या दृष्टीने नाव रूढ आहे, कोरियाच्या दृष्टीने ते गुलामीच्या काळात रूढ झाले. पुस्तकाचे ‘राजकीय अर्थ नाही’ हे निवेदन येथे उघडे पडते. सीमा सोयीच्या असतील, पण नाव देताना टेबलाभोवती कोण बसले होते, हा प्रश्न राजकीयच आहे.

२०२० साली संघटनेने यावर तोडगा काढला. एस-१३० या नव्या संगणकीय संचात प्रत्येक सागरी क्षेत्राला नावाऐवजी क्रमांक असेल आणि जुने पुस्तक वाटचालीतील एक टप्पा म्हणून उपलब्ध राहील. जपानने म्हटले, नाव टिकले. कोरियाने म्हटले, नाव गेले. संगणकाला क्रमांक हवा असतो, हे मान्य. पण माझ्या मते ही वादाची सोडवणूक नाही, वाद बाजूला ठेवणे आहे. बोटीवरचा माणूस आकड्याच्या समुद्रात मासेमारी करत नाही. शिवाय क्रमांकालाही हद्द लागतेच, आणि हद्द कोणासाठी हा मूळ प्रश्न क्रमांकाने पुसला जात नाही.

तो प्रश्न सरळ विचारला की काय होते, हे कॅस्पियनने दाखवले. तो समुद्र मानावा की सरोवर, यावर तळाच्या तेल-वायूची वाटणी अवलंबून होती. किनाऱ्यावरच्या पाच देशांनी २०१८ साली अक्ताऊ येथे करार केला. त्यात शब्दावर न अडता १५ सागरी मैलांचे प्रादेशिक पाणी आणि त्यापुढे १० मैल मासेमारीचा पट्टा, असे कामानुसार ठरवले. तळाच्या वाटणीचे सगळे प्रश्न त्याने मिटले नाहीत, पण कोणती रेघ कोणत्या कामाची, हे तरी स्पष्ट झाले.

समुद्रांच्या पुस्तकाने हेच करावे. एकाच पाण्यावर एकापेक्षा अधिक सीमा असू द्याव्यात: दर्यावर्दीची वेगळी, वैज्ञानिकाची वेगळी, कायद्याची वेगळी. आणि प्रत्येक नावाशेजारी ते कोणी, केव्हा वापरात आणले याची नोंद असावी. आपल्या मराठी नकाशाकारांनाही हे आजच करता येईल. ‘अरबी समुद्र’ ही अक्षरे केरळापर्यंत लिहावीत, लक्षद्वीपाभोवती ‘लक्षद्वीप समुद्र’ हे नाव आत, लहान अक्षरांत द्यावे आणि सदाशिवगडाची रेघ दाखवायचीच असेल तर ती जलसर्वेक्षणाच्या सोयीची आहे, असे खाली लिहावे. एवढी एक ओळ लिहिली तर कोचीची पदवीही शाबूत राहते आणि पुस्तकाचा मानही.