श्रद्धा आणि दृश्यप्रतिमा

ख्रिस्ती श्रद्धेचे चित्रण करू पाहणाऱ्या चित्रपटापुढील मूळ अडचण माध्यमाच्या स्वरूपातच आहे. कॅमेरा क्रूस, वेदी, प्रार्थनेत जोडलेले हात टिपू शकतो. श्रद्धा मात्र आंतरिक अवस्था असल्याने त्याच्या कक्षेबाहेर राहते. ही उणीव भव्यतेने भरून काढण्याचा मोह अनेकांना झाला. सेसिल बी. डिमिल यांच्या ‘द किंग ऑफ किंग्ज’ (१९२७) या मूकपटात पुनरुत्थानाच्या प्रसंगी कृष्णधवल चित्र रंगीत होते. प्रेक्षक दिपतो, परंतु त्याचा विस्मय तंत्राविषयीचा असतो.

रोबेर ब्रेसाँ यांनी नेमकी उलट वाट धरली. जॉर्ज बेर्नानोस यांच्या कादंबरीवरील ‘डायरी ऑफ अ कंट्री प्रीस्ट’ (१९५१) या चित्रपटातील तरुण धर्मगुरू आजारी व एकाकी आहे. प्रार्थनाही त्याला दुष्कर होते. त्याचा मृत्यू दाखविलाच जात नाही. पडद्यावर केवळ क्रूसाची आकृती उरते आणि मृत्यूची वार्ता देणाऱ्या पत्राचे वाचन ऐकू येते. श्रद्धेचा प्रत्यय येथे तिच्या कसोटीतूनच येतो.

यावरून संयम हेच एकमेव उत्तर होय, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. कार्ल ड्रायर यांचा ‘ऑर्डेट’ (१९५५) तो खोडून काढतो. डॅनिश धर्मोपदेशक काइ मुंक यांच्या नाटकावरील या चित्रपटात बाळंतपणानंतर मृत्यू पावलेली इंगर अखेरीस शवपेटीत पुन्हा जिवंत होते. चमत्कार उघडपणे घडतो, तरी तो कृत्रिम वाटत नाही. कारण तोवर शेतकरी कुटुंबाचे संथ दैनंदिन जीवन, पंथभेदामुळे अडलेला विवाह आणि प्रसूतीच्या वेदना प्रेक्षकाने जवळून अनुभवलेल्या असतात. आत्मा देवाघरी गेल्याचे सांत्वन इंगरच्या पतीला पुरत नाही. त्याचे प्रेम तिच्या देहावरही होते. म्हणूनच तिचे परतणे हे धर्मसिद्धांताचे प्रात्यक्षिक न राहता त्या शोकाला मिळालेला प्रतिसाद ठरते.

श्रद्धाहीन प्रेक्षकालाही त्या क्षणी तिने उठावे असे मनापासून वाटते. हे वाटणे म्हणजे श्रद्धा नव्हे. परंतु श्रद्धा ज्या भूमीत रुजते, ती हीच. त्या भूमीपर्यंत प्रेक्षकाला आणणे हे चित्रपटाचे सामर्थ्य. त्यापुढचे पाऊल ज्याचे त्याने टाकायचे असते, हे ओळखणे हा त्याचा प्रामाणिकपणा.